रोपं लावायला सत्तर, पाणी घालायला आठ

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या बाजूने टेकडीवर रहिवाशांच्या एका गटाने जुलैत ३०० रोपं लावली. त्या दिवशी ७० माणसं होती. जानेवारीत दर रविवारी आठ येतात. लोक मुळात समाजासाठी वेळ का देतात, मग थांबतात का, आणि प्रमाणपत्र किंवा १०० रुपये मानधन ठेवलं तर गळालेले परत येतील का?

आधी पाण्याचा हिशेब करू, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. पावसाळा संपल्यावर टेकडीवरच्या मुरमाड जमिनीत नव्या रोपाला आठवड्याला साधारण १० लिटर पाणी धरावं. ३०० रोपांना ३,००० लिटर. पाणी पायथ्याशी असेल, तर एक माणूस पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन चढणार, ओतणार, उतरणार. एका फेरीला वीस-बावीस मिनिटं जातात. दीड तासात चार फेऱ्या, म्हणजे ४० लिटर, म्हणजे चार रोपं. ३०० रोपांना आठवड्याला ७५ माणसं हवीत, आणि तुमच्याकडे आठ आहेत. ते आठ जण जीव तोडून ३२ रोपं भिजवतात. एका रोपाची पाळी पुन्हा यायला नऊ आठवडे लागतात, तोवर ते वाळलेलं असतं.

गळालेल्या बासष्ट जणांची समाजाविषयीची कळकळ ऑक्टोबरात आटली, असं समजू नका. त्यांनी दोन-तीन रविवार पाणी वाहिलं, मागच्या वेळी भिजवलेलं रोप वाळलेलं पाहिलं आणि ते मुकाट्याने घरी बसले. कष्टाला माणूस फारसा कंटाळत नाही. आपल्या येण्याने काही फरक पडत नाही, हे दिसलं की मात्र त्याचे पाय जड होतात. आणि टेकडीवरून गळणारा माणूस राजीनामा देत नाही. तो ग्रुपवर ‘बघतो, जमलं तर येतो’ एवढंच लिहितो.

आता मूळ प्रश्न, लोक येतातच का. आपल्याकडे याची तयार उत्तरं दोन. एक, समाजाचं देणं लागतो म्हणून. दुसरं कुजकट, फोटो काढायला मिळतो म्हणून. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या कोण भाजतो, असं विचारणाऱ्यांना दुसरं उत्तर पटतं. दोन्ही अर्धी आहेत. अमेरिकेत क्लॅरी, स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या प्रेरणांचे सहा प्रकार मांडले. आपल्या भाषेत सांगायचं तर असे: पटतं म्हणून, शिकायला मिळतं म्हणून, ओळखीची माणसं करतात म्हणून, नोकरी-करिअरला उपयोग होतो म्हणून, मनावरचं ओझं किंवा एकटेपण हलकं होतं म्हणून, आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत असं वाटतं म्हणून. एका माणसात यातली दोन-तीन कारणं एकत्र नांदतात. त्यात उच्च-नीच लावत बसू नये. त्या अभ्यासातली कामाची गोष्ट पुढेच आहे: ज्याला जे हवं होतं ते त्याला कामातून मिळालं, तर तो जास्त समाधानी असतो आणि पुढेही काम करायची त्याची तयारी जास्त असते. म्हणजे करिअरसाठी आलेला विद्यार्थीही टिकतो, त्याला खरोखर काही शिकायला मिळालं तर.

या सहाच्या आधीचं एक साधं कारण संयोजक विसरतात. बरीच माणसं कुणीतरी विचारलं म्हणून येतात. ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ हे विचारणं नव्हे. ती सूचना झाली, आणि सोसायटीच्या फलकावरच्या सूचना पुण्यात कोण वाचतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुलैत सत्तर आले, कारण त्या आठवड्यात प्रत्येकाला शेजारच्या कुणीतरी तोंडाने विचारलं होतं. नोव्हेंबरपासून ग्रुपवर फक्त एक ओळ पडत गेली.

शिवाय रोपं लावणं हे लग्न आहे आणि पाणी घालणं हा संसार. लग्नाला सगळे येतात आणि यावेतच. संसार मात्र त्याच पाहुण्यांच्या भरवशावर मांडायचा नसतो. त्यासाठी वेगळी माणसं लागतात आणि ती वेगळ्या कारणांनी येतात. पुण्यात ती कुठे सापडतात ते पाहू.

निवृत्त मंडळी सर्वांत भरवशाची. सकाळी साडेसहा म्हणजे साडेसहा. त्यांना ओझं उचलायला लावू नका. नोंदवही, रोपांची पाहणी, आळी (रोपाभोवतीचे पाणी धरणारे खळगे) ठीक करणं, नव्या माणसाला सोबत घेणं ही कामं द्या. त्यांना हवं असतं ते हे की आपल्याशिवाय काहीतरी अडेल. पण उन्हाळा लागला की यातले बरेच जण परदेशी मुलाकडे जातात आणि पाण्याची खरी गरज तेव्हाच असते. म्हणून प्रत्येक निवृत्त काकांमागे एक इथेच राहणारा जोडीदार नेमायचा.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, वर्षाला १२०. हे तास त्यांचं उघड कारण आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तास लिहून सही करणारा माणूस जागेवर नसेल तर ते पुढच्या वेळी दुसऱ्या संस्थेकडे जातात. परीक्षेच्या आधीचा महिना ते येणार नाहीत हे धरूनच पाळ्या लावा.

मंडळांचे कार्यकर्ते आपण उगाच ढोल-ताशापुरते समजतो. गर्दी हलवणं, पाण्याचा टँकर मिळवणं, ट्रॉलीतून सामान वर चढवणं, रात्री-बेरात्री हजर होणं यात त्यांचा हात कुणी धरत नाही. गणपतीच्या आधीचे दोन महिने सोडून त्यांना मोठं, एकवेळचं, अंगमेहनतीचं काम द्या. दर रविवारी कॅन उचला म्हटलं तर दुसऱ्या रविवारीच ते कंटाळतील.

नोकरीसाठी हिंजवडी-खराडीत आलेली, शहरात ओळखी नसलेली तरुण मंडळी चौथा गट. त्यांना झाडापेक्षा माणसं हवी असतात. काम झाल्यावर पंधरा मिनिटं चहा-पोहे ठेवले नाहीत, तर हा गट हमखास जातो. हा खर्च कपात करण्याचा नव्हे.

आणि ज्याला जे येतं ते त्याला करू द्या. याचा नमुना आषाढी वारीत डोळ्यांसमोर असतो. आळंदी आणि देहूच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात, भवानी पेठेत आणि नाना पेठेत. त्या दिवसांत कुणी वारकऱ्यांची दाढी-कटिंग करून देतो, कुणी चपला शिवून देतो, कुणी पाय चेपतो, डॉक्टर फोडांना मलम लावतात. कुणालाही प्रशिक्षण द्यावं लागत नाही, कारण प्रत्येक जण रोजचंच काम त्या दिवशी फुकट करतो. टेकडीवरही असेच लोक शोधा. नळजोडणी येणारा एक माणूस कॅन वाहणाऱ्या दहांपेक्षा जास्त रोपं वाचवेल.

आता मानधन. १०० रुपये ठेवू नका. उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकीनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये इस्रायलमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाळकरी मुलं घरोघर देणग्या गोळा करत होती. एका गटाला काहीच मोबदला नव्हता, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का, तिसऱ्याला १० टक्के, तोही वेगळ्या निधीतून. सर्वांत जास्त देणगी मोबदला नसलेल्या गटाने जमवली. १० टक्केवाले त्यांच्या मागे आणि १ टक्केवाले सगळ्यांत मागे. छोटा मोबदला आला की माणूस ‘हे काम चांगलं आहे का’ असं विचारायचं सोडून ‘एवढ्या पैशांत परवडतं का’ असं विचारू लागतो. दीड तासाच्या चढ-उताराला १०० रुपये कुणाला परवडतील? आणि आज फुकट येणारे आठ जणही हाच हिशेब घालायला लागतील.

पदरचा खर्च परत करणं मात्र वेगळी गोष्ट आहे. बसभाडं, हातमोजे, नाश्ता हे गटाने द्यायलाच हवं. नाहीतर स्वयंसेवा फक्त खिसा गरम असलेल्यांची होते आणि पदरमोड न परवडणारा विद्यार्थी कारण न सांगता गळतो.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जे काम रोज, ठरलेल्या वेळी, चुकवून चालणारच नाही असं आहे, ते पगारी माणसाकडे द्यावं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा आयुष्य वाहून घेणाऱ्या सदस्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची सोय संस्थेने करायची, असंच ठरवलं होतं. पूर्णवेळ सेवा रिकाम्या पोटी होत नाही, हे त्यांना तेव्हाही कळत होतं. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा पाणी घालायला एक माळी योग्य मजुरीवर ठेवा आणि स्वयंसेवकांना रविवारचं काम द्या. तसंच टेकडीवरच्या साफसफाईत निघालेल्या बाटल्या-पत्रे आपल्या भागातल्या कचरावेचक ताईंकडे द्या. आपल्या हौसेपायी कुणाची रोजी जाऊ नये.

प्रमाणपत्र वाईट नाही, पण ते ज्याला लागतं त्यालाच द्या, आणि त्यावर तास व काम नेमकं लिहा. सरसकट सगळ्यांना वाटलेली प्रमाणपत्रं पुढच्या दिवाळीच्या रद्दीत जातात.

इथे रक्तदानाशी तुलना उपयोगी पडते, कारण तिथे पुणेकर रांगा लावतात. ३५० किंवा ४५० मिलिलिटरची पिशवी, नोंदणीपासून चहा-बिस्किटापर्यंत तासाभराचं काम. सुरुवात आणि शेवट स्पष्ट. पुन्हा द्यायला पुरुषांना ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवस थांबावंच लागतं, त्यामुळे न आल्याची खंतही मनात राहत नाही. पैशांचा प्रश्नही मिटलेला आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. तरीही एक गोची उरते. देणारे आपल्या सोयीने देतात: राष्ट्रीय सण, नेत्याचा वाढदिवस, मंडळाचा वर्धापनदिन. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. एकाच रविवारी पाच मंडळांनी शिबिरं घेतली तर पिशव्यांचा पूर येतो आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, रुग्णाचे नातेवाईक वणवण फिरतात. म्हणजे इच्छा भरपूर आहे, वेळापत्रक नाही. तुमच्या टेकडीचं दुखणंही हेच.

तेव्हा आता काय करायचं. पहिलं म्हणजे मोजणी. सगळी रोपं एकदा मोजा, पण फेब्रुवारीत मोजताना फसू नका. पांगारा, पळस, काटेसावर, शिवण यांची पानं उन्हाळ्याच्या तोंडावर झडतात. रोप मेलं समजून माणसं हताश होतात आणि जिवंत रोपाचंच पाणी तोडतात. खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं ओलसर दिसलं तर ते जिवंत आहे. तपकिरी दिसलं तर आणखी खाली, जमिनीजवळ बघा. मगच मेलं म्हणा.

जिवंत रोपांना क्रमांक द्या. पत्र्याची पट्टी आधाराच्या काठीला बांधा, खोडाला तार कधीही बांधू नका, ती वाढत्या खोडात रुतते. प्रत्येक दोन घरांच्या जोडीला आठ रोपं. क्रमांक आला की ‘टेकडीवरचं काम’ हे ‘आमची ४१ ते ४८’ होतं, आणि आपली आठ बघायला माणूस मधल्या वारीही चक्कर मारतो.

मग पाणी वर न्या. गाडीरस्ता जिथवर जातो तिथे हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवा, शनिवारी संध्याकाळी त्या टँकरने भरून घ्या. रोपं टाकीपासून तीसेक मीटरच्या आत असतील तर एक माणूस दीड तासात वीस रोपं आरामात भिजवतो. आठ माणसं म्हणजे १६० रोपं, १,६०० लिटर. माणसं तीच, काम पाचपट. लांबची रोपं माळ्याकडे द्या. आळ्यात तीन-चार बोटं जाड वाळलेलं गवत पसरा, खोडापासून वीतभर मोकळं सोडून, नाहीतर वाळवी चढते. एवढ्याने पाण्याची पाळी बरीच लांबवता येते.

टाकी ठेवण्याआधी तो तुकडा वनखात्याचा आहे की महापालिकेचा हे बघून लेखी परवानगी घ्या. परवानगीविना ठेवलेली टाकी एका सकाळी उचलून नेली जाते आणि तिच्याबरोबर गटातली निम्मी माणसंही जातात. वणव्याचंही तसंच. डिसेंबर संपायच्या आत प्रत्येक रोपाभोवती मीटरभर गवत कापा, आणि पायवाटेच्या कडेने जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढायची ती वनखात्याला विचारूनच. कुणीतरी टाकलेली विडी दोन वर्षांचं काम एका दुपारी जाळते. त्यानंतर पुन्हा माणसं उभी करणं पहिल्यापेक्षा फार अवघड असतं.

टाक्यांचे पैसे कुठून आणायचे? जवळच्या कंपनीकडून. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कर्मचाऱ्यांनी दिलेले तास पैशात मोजून त्या २ टक्क्यांत दाखवता येत नाहीत. म्हणून ‘ऐंशी माणसं एक दिवस पाठवतो’ असा फोन आला की त्याच फोनवर टाक्या आणि माळ्याची वर्षाची मजुरी मागा. त्यासाठी तुम्हाला एखाद्या नोंदणीकृत न्यासाशी जोडून घ्यावं लागेल, नुसत्या व्हॉट्सअॅप ग्रुपला हे पैसे मिळत नाहीत. ऐंशी माणसं आलीच तर त्यांच्या हातून रोपं लावून घेऊ नका. आळी करणं, गवत पसरणं, उताराला आडवे दगडी बांध घालणं ही त्यांची कामं. दहा जणांमागे जागा माहीत असलेला एक माणूस, दोघांत एक हत्यार, आणि पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाच्या हातात काम. हात बांधून उभा राहिलेला माणूस परत येत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी तोंडावर सांगत नाही: स्वच्छतागृह. टेकडीवर ते नसतं, आणि म्हणून बायका दुसऱ्या वेळी येत नाहीत. पायथ्याच्या एखाद्या सोसायटीशी बोलून तासाभरापुरती सोय करा आणि ती निरोपात लिहा.

निरोपाबद्दलच. गुरुवारी संध्याकाळी, एकेकाला, नावाने: ‘काका, रविवारी साडेसहा ते आठ. तुमची ४१ ते ४८. पाणी वर भरलेलं आहे, खाली उतरावं लागणार नाही. येताय ना?’ याला उत्तर द्यावंच लागतं. तीन होकारांमागे दोन माणसं धरा. हे विचारण्याचं काम एकट्या संयोजकाने करू नये. पाच जणांत वाटून घ्यावं, प्रत्येकाकडे सात-आठ नावं. सगळं एकट्यावर असेल तर वर्षभरात पहिला तोच थकतो. आठ म्हणजे आठला थांबा. ‘अजून थोडं उरलंय’ म्हणत नऊपर्यंत ताणलं, की पुढच्या रविवारी घरच्यांचा विरोध पक्का.

निघताना जिवंत रोपांचा आकडा फळ्यावर लिहा. घटला असला तरी खरा लिहा. २१० वरून १८५ झालेला आकडा माणसं पचवतात. मोघम ‘सर्व झाडे उत्तम’ त्यांना पचत नाही, कारण ती टेकडीवर स्वतः फिरतात.

गळालेल्या बासष्टांना रागावून मेसेज टाकू नका. त्यांतल्या वीस जणांना फोन करा, पाणी वर आल्याचं सांगा, आणि फक्त दोन रविवार मागा, महिन्यातला एक. चार-पाच नक्की येतील. बाकीच्यांना जूनमध्ये लावणीला बोलवा. पण तेव्हा ३०० खड्डे नकोत. आजच्या हिशेबाने मेलेल्यांच्या जागी आणि वर फार तर ४०, तेही टाकीच्या तीस मीटरच्या आत. खड्डे दीड फूट लांब-रुंद-खोल, मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावेत. रोपं तीन फुटांच्या वरची घ्या, इथलीच घ्या: बहावा, शिवण, पळस, आपटा, करंज. ज्याच्या हातून जे रोप लागेल, त्याचा क्रमांक त्याच दिवशी त्याच्या नावापुढे वहीत लिहा, आणि पाण्याचा पहिला रविवार कोणता तेही, तो टेकडीवरून उतरायच्या आत.